जर्मन आजीचा चमचा

आता काय सांगू तुम्हाला! माती खायची तर माणसाने आपल्या गिरगावात खावी. मी घरबसल्या थेट पोलंडात खाल्ली!

माझी आजी जर्मन. मूळची रोमानियाकडच्या जर्मन शेतकऱ्यांतली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सरकारने त्यांचं गावच्या गाव उचललं आणि जिंकलेल्या पोलंडमध्ये नेऊन वसवलं. पुढे आजोबा जर्मनीत शिकायला गेले, तिला घेऊन आमच्या चाळीत आले. येताना तिने एक चांदीचा चमचा आणला. "पोलंडमधलं घर सोडून पळताना एवढाच हाती लागला," म्हणायची. चाळीतल्या प्रत्येक बाळाचं उष्टावण त्याच चमच्याने!

सत्तरीला टेकलेल्या माझ्या आईचा एकच धोशा. "गुडघे चालतायत तोवर आईचं ते घर दाखव गं मला."

लागले कामाला. त्या वसवलेल्या कुटुंबांच्या फायली जर्मनीत अजून आहेत. मागवल्या. पणजोबांचा फोटो, पोराबाळांची नावं, गावाचं नाव, घराचा नंबर, आणि खाली शिक्का मारून लिहिलेलं, घर यांना दिलं!

आता आम्ही पडलो चाळीतली माणसं. भाडेपावतीवर नाव आलं की घर आपलं! दिलं ते कुणाला काढून, हा प्रश्न पडतोय कुणाला? मी तर पेढे वाटले. शेजारच्या सुलूकाकू म्हणाल्या, "अगं, हिस्सा माग हिस्सा! इथे बिल्डर काय देतोय आपल्याला?"

फेसबुकवर त्या गावाचा ग्रुप सापडला. घराचा नंबर टाकून ऐटीत लिहिलं, "या घरात आमची माणसं राहायची. घाबरू नका, हिस्सा नको. आईला फक्त बघायचंय." सोबत चमच्याचे फोटो. आई बाळाला खीर भरवतेय तो, आणि एक मागच्या बाजूने, अगदी जवळून. खाली, "घराची आठवण आम्ही अजून जपलीय!" शी! आठवलं तरी कानशिलं तापतात.

उत्तर आलं एका बाईचं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे घर माझ्या आजीचं. तुमची माणसं येणार म्हणून सैनिकांनी तिला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. चमच्यावरची अक्षरं तिच्या नावाची आहेत. मरेपर्यंत ती त्या चमच्याबद्दल बोलायची. तो परत मिळेल का?"

चमचा उलटा केला. होती की अक्षरं! इतकी वर्षं आम्ही ती कंपनीचं नाव समजत होतो. आजीचा भयंकर राग आला. पण ती तेव्हा परकरी पोर, आणि पेढे वाटणारी मी तर चांगली घोडी!

तेवढ्यात आई आली, हिंदमाताहून आणलेली नवी साडी हातात.

"उत्तर आलं ना? बोलावलंय का?"

"बोलावलंय."

"कुणाकुणाला?"

"चमच्याला."