बादलीतलं पांढरं पाणी

महादेव गेल्याचा फोन आला, तेव्हा मी दुकानात औषध कंपनीच्या माणसाशी भांडत होतो. मुदत संपलेल्या गोळ्या परत न्या म्हणून. पंचवीस वर्षं हेच भांडण, आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "अर्धी विकलेली, कापलेली पट्टी चालत नाही, सेठ." फोन ठेवला आणि मी दुकानाचं शटर खाली ओढलं...

दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारण्यापासून सुरुवात करून मी जरीपटका वस्तीत औषधांचं दुकान उभं केलं. महादेवची भाजीवाडी मागच्या नाल्याच्या खालच्या अंगाला. रोज सकाळी तो सायकलवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन यायचा आणि आमची घासाघीस सुरू व्हायची.

"एवढीशी जुडी? लाज नाही वाटत गा तुले?"

"तू गोळीचा भाव कमी करतं का कधी? मंग!"

परत न गेलेल्या गोळ्या मी निळ्या बादलीत विरघळवायचो. कचऱ्यात टाकल्या तर कुणी वेचून पुन्हा विकेल, ही भीती. ते पांढरं पाणी मोरीत ओतलं की सचोटीचं काम केल्यासारखं वाटे. मोरी नाल्याला मिळते आणि नाल्याचं पाणी महादेव वाफ्यांना देतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. एकदा त्याने विचारलं होतं, "नाल्यात बेंडकं काहून दिसत नाही गा आता?" मी खेकसलो, "मी काय बेंडकायचा डाक्टर आहो?"

मग वाडीत त्याच्या पायाला विळा लागला. जखम चिघळली. डॉक्टरांनी लिहिलेलं प्रत्येक औषध मीच पोचवलं. एकही लागू पडलं नाही. कुठल्याच औषधाला दाद न देणारे हे जंतू जखमेत आले कुठून, मी तीनदा विचारलं. "नक्की सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "नाल्यात दवाखान्यांचं, कारखान्यांचं, घरांचं, सगळ्यांचंच पाणी येतं. औषध पाण्यात मुरत राहिलं की जंतू त्याला सरावतात."

महादेव खाटेवरून ऐकत होता. "म्हणजे तुह्या दुकानातली सारी दवाई मी फुकटात घेऊन राहिलो होतो!" थट्टाच होती ती. बादलीचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

महादेवला जाऊन दीड महिना झाला. कंपनीवरचा माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. विकताना दारात उभे, परत घेताना कानावर हात! पण मोरी माझी होती. आता कापलेल्या पट्ट्या खोक्यात साठवतो आणि तेच खोकं पुढे करून भांडतो. निळी बादली मागे पालथी आहे. सकाळी सायकलची घंटी वाजली की सवयीने गल्ल्यावरून उठतो, आणि पाय आधी मोरीकडे वळतात... कोरडी आहे ना, ते पाहायला.