कोरियाला गेलेल्या दोन गोधड्या

संयुक्त महाराष्ट्राची मागणी कोरियापर्यंत नेली ती आमच्या घराण्याने. इतिहासाच्या पुस्तकात हे सापडणार नाही, कारण लिहिणाऱ्यांनी माझ्या सासूबाईंना विचारलंच नाही!

तेव्हा आम्ही परळच्या चाळीत राहायचो. कोरियातलं युद्ध थांबलं होतं, पण तिथली माणसं अजून थंडीत कुडकुडताहेत, असं पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत सांगितलं आणि आमच्या चर्चच्या महिला मंडळाने गोधड्या पाठवायचं ठरवलं. मंडळाच्या प्रमुख सासूबाई. मग गोदाम कुठे? आमचीच एवढीशी खोली! अख्ख्या चाळीने जुनी लुगडी, धोतरं आणून ओतली. शेजारच्या परबकाकूंनी तर लग्नातलं लुगडं काढून दिलं. "थंयची पोरां थंडीन कुडकुडतत, आणि ह्यां माज्या पेटयेत पडान काय करतलां?" खाटेखाली कोरिया आणि खाटेवर आमचे हे, असा संसार चालला होता.

गोधडी शिवण्यात सासूबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. आणि माझा? "बाई गं, तुझ्या टाक्यातून मांजर जाईल!" हे त्या मंडळाच्या सगळ्या बायकांसमोर म्हणायच्या. (मांजर कसलं? फार तर उंदीर!)

आता गोधडीला खालून दणकट अस्तर लागतं. ते मिळेना. खाटेखालचा ढीग उपसताना माझ्या हाती मांजरपाटाची जाडजूड घडी लागली. उलगडली तर लाल अक्षरं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'! त्या दिवसांत उठलंसुटलं की मोर्चा. मला वाटलं, एखादा मोर्चा आटोपल्यावर कुणीतरी फलक दान केला.

"अक्षरं आत घाल की! वरून लुगडं येतंयच," सासूबाई म्हणाल्या.

घातली कात्री! अर्ध्या फलकाची गोधडी त्यांनी शिवली, अर्ध्याची मी. गठ्ठे गोणपाटात शिवून बंदरावर रवाना झाले आणि आम्ही दोघी मोठ्या समाधानाने चहा प्यायलो.

संध्याकाळी शमू भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, गिरणीतून आले आणि थेट खाटेखाली शिरले.

"वहिनी, इथली घडी कुठाय?"

"कसली घडी?"

"मांजरपाटाची! उद्याच्या मोर्चाची!"

"अगं बाई! ती दानाच्या ढिगात कशाला ठेवलीत?"

"पोलीस झडत्या घेताहेत! देवाच्या गठ्ठ्याला हात लावणार नाहीत म्हणून!"

"पोलिसांनी नाही लावला, भावजी," मी म्हटलं, "आम्ही लावला."

भावजी मटकन खाली बसले. फलक कुणाच्या घरी ठेवायचा यावरून गिरणीच्या दारात वाद झाला होता. दत्तू नावाचा एक फटकळ गडी म्हणाला होता, "ह्यांच्याकडे नको रे! हे पाद्र्याचे लोक, ह्यांना काय महाराष्ट्राचं?" तेव्हा काकूंचे यजमान परब मधे पडले आणि आपल्या शब्दावर त्यांनी तो भावजींच्या हाती दिला.

"आता उद्या तोंड कसं दाखवू, वहिनी?" भावजींचे डोळे भरून आले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मोर्चा बिनफलकाचाच निघाला. भावजींनी पुढे राहून इतक्या घोषणा दिल्या की त्यांचा घसा पार बसला. पण दत्तूचं तोंड कोण धरणार? "फलक म्हणे कोरियाला गेला! अरे, थाप मारायची तर जवळपासची तरी मारा!" पुढे कितीतरी महिने भावजी गिरणीत खाली मान घालून जायचे आणि घरी मी खाली मान घालून वाढायची.

आणि एक दिवस पाळकसाहेब धापा टाकत आमचे जिने चढून आले. हातात कोरियाहून आलेला फोटो! सगळीकडे बर्फ, मधे एक चिमुरडी पाठमोरी उभी, मान वळवून हसतेय. अंगावर गोधडी. गोधडीचं वरचं लुगडं पाठीवर सुटून लोंबतंय आणि आतून ठसठशीत दिसतंय, 'झालाच पाहिजे'!

भावजी फोटो घेऊन अनवाणीच गिरणीकडे धावले. दत्तूने तो उलटा पाहिला, सुलटा पाहिला, मग डोक्यावरची टोपी काढली. "आयला शमू! खरंच पोचला की रे!" त्याने भावजींना मिठीच मारली. परब सगळ्यांना ओरडून सांगत होते, "आमका पोलीस बोरीबंदराक अडयतत, आणि ह्येचो मोर्चो समुद्रापलीकडे गेलो!" त्यानंतर फलक ठेवायला आमच्याच घरी येऊ लागले. माझी छाती अभिमानाने अशी फुगली की पोलक्याची बटणं लागेनात!

आता कौतुक होणार म्हणून मी फोटो सासूबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. अक्षरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"लेकराच्या पाठीला वारा लागत असेल गं! ही गोधडी तुझी."

"कशावरून?"

"उसवलीय ना!"

त्यांच्या गोधडीतला 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' मात्र कोरियात कुणाच्याही नजरेला पडला नाही. त्यांचा टाका सुटेल तर शपथ!

यथावकाश मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीत पेढे वाटले, हारतुरे झाले, चळवळीत कोणी काय केलं ते जो तो सांगत सुटला. मी मात्र पेढा तोंडात धरून गप्प बसले. सांगणार काय? लोक लाठ्या खाऊन लढले आणि मी लढले ते कच्च्या शिवणीने!