तंगूसवाले मामू

गुलमंडीमागच्या गल्लीतले तंगूसवाले मामू गिऱ्हाइकावर हात टाकायलाही कमी करत नसत. गळ आणि मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्या, म्हणजे तंगूस, विकायचे. मी शेजारच्या कापड दुकानात गठ्ठे उचलायचो. सातवीतून शाळा सुटलेली, गाव लासूर स्टेशन, वय वीस.

"मजबूत तंगूस द्या," एवढंच कुणी म्हटलं की त्याच्या हातातलं रीळ हिसकावून रस्त्यावर फेकायचे. "मजबूत मंजे? मच्छी कौनसी? पानी साफ है के झाडी है? मालूम कुछ नै, और मजबूत होना!" साफ पाण्यात बारीक तंगूस, कारण जाड तंगूस माशाला दिसतो. गवतात मरळीला जाडच, कारण गळ लागला की ती मुळांत घुसते. आणि काठीशिवाय नुसत्या हातानं ओढायचं तर बारीक कधीच नाही. "बारीक तंगूस छुरी है, बेटा."

मरळ मारताना त्यांच्याकडे बघवत नसे. दगडावर डोकं आपटत, ती उसळली की पुन्हा आपटत, कवटी फुटेपर्यंत. मी तोंड फिरवलं की ओरडायचे, "इधर देख! आधा मारके छोडना गुनाह है."

शुक्रवारी आमची दोन्ही दुकानं बंद, तेव्हा मला नाथसागराच्या काठी न्यायचे. एका शुक्रवारी त्यांनी मला जाड तंगूस दिला होता. तो लांब जाईना म्हणून मी गुपचूप बारीक बांधला, आणि निसटू नये म्हणून उजव्या हाताला तीन वेढे घेतले. झटका बसला तो मासा दिसायच्या आधीच. वेढे बोटांच्या मांसात रुतले. मी गुडघ्यावर आलो, मग तोंडावर, मग छातीभर पाण्यात.

"मामूऽऽ! बोटं चालली!"

कपड्यांसकट ते पाण्यात आले. माझ्या हातापुढचा ताणलेला तंगूस त्यांनी डाव्या मुठीत धरला आणि सगळी ओढ स्वतःवर घेतली. मूठ फाटत गेली, पाणी लाल झालं, तरी सोडली नाही. उजव्या हातानं सुरी काढून कापला. काठावर आणून त्याच रक्ताळलेल्या हातानं मला बडवलं.

"कायकू बदला रे?"

"लांब जात नव्हता, मामू."

"तेरे बाप को क्या मुँह दिखाता मैं!" म्हणाले आणि खाली बसून रडू लागले.

माझी बोटं टाके घालून वाचली. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. गाठ मारता येईना. कुणी विचारलं तर मान खाली घालून म्हणत, "मेरीच गलती. बारीक तंगूस लिया था." एकदा मी मध्ये बोलायला गेलो, तर वजनाचं माप फेकून मारलं.

आता मी मस्कतजवळच्या बंदरावर जाळी शिवतो. दहा बोटांवर पोट आहे. झोपण्याआधी उगाच मोजून बघतो. मागच्या महिन्यात त्यांच्या भाच्याचा फोन आला, मामू गेले म्हणून. रजा मिळाली नाही. बोलता बोलता भाचा हसून म्हणाला, "पूरे शहर को तंगूस सिखाए, और खुद ही चूक गए."

"नाय भाई," म्हणालो, "ते नव्हते चुकले." आणि तिथंच, बंदरावर, सगळं सांगून टाकलं.