सातपूरच्या शेडमध्ये रोपं कोण काढत होतं?

आधी माफी मागतो. इथे लिहिणारे जाणते लोक आहेत, आणि मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी — घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. लिहावं की नाही, यातच महिना गेला. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वणीजवळच्या आमच्या घरी कुणी भुताखेताचं बोललं, तर मीच वाद घालायचो...

सातपूरला एक बंद पडलेली शेड घेऊन एका सरांनी व्हर्टिकल फार्म सुरू केला होता. माती नाही, ऊन नाही. आठ-आठ मजली रॅक, गुलाबी एलईडी दिवे आणि पाइपांतून फिरणारं खताचं पाणी. त्यावर हॉटेलांसाठी लेट्यूस, म्हणजे सॅलडचा पाला. यातली मोठी अडचण म्हणजे एकच पाणी सगळ्या रॅकमधून फिरतं. पाणी कोमट झालं की मुळं सडतात, आणि एक मूळ सडलं की रोग सगळीकडे जातो. त्यामुळे पाणी थंड करणारा चिलर सतत चालू हवा. पण विजेचं बिल झेपेना, म्हणून सरांनी मला दुपारी तो बंद ठेवायला सांगितलं होतं. सेन्सरच्या नोंदी ठेवणं माझं काम. इंटर्नशिप नीट पार पडली तर तिथेच नोकरी मिळणार होती. घरी सगळे त्याचीच वाट बघत होते.

रोपं लावायला हिरामावशी होत्या. मखमलाबादकडे भाजीच्या मळ्यात वाढलेल्या. त्या हातमोजे काढून थेट पाण्यात हात घालायच्या. रोप अर्धा फेरा फिरवून वर काढायच्या, मुळं चिमटीत पिळून बघायच्या. खराब निघालं की काठावर आडवं ठेवायच्या.

"मावशी, हातमोजे घाला ना. नियम आहे."

"त्याच्यातनं मुळी कळत नाय रे बाळा. पाणी लय गरम हाय. तुझं मशीन काय म्हणतं?"

"ते सर बघतील."

"सर बघतील! मग तुला काय दिवे लावायला ठेवलंय?"

बाकीच्या बाया खो-खो हसल्या. मला राग आला. हातमोज्यांचं मी सरांच्या कानावर घातलं.

आठवड्याभरात दोन रॅक सडले. गुंतवणूकदार बघायला यायचे होते. सरांनी सगळ्यांना उभं केलं.

"हिराबाई, हात वर करा. अजून वर. बघा सगळ्यांनी, रोग इथून आला. शेणात घालायचे हात माझ्या पाण्यात घातले."

"साहेब, पाणी गरम होतं. ह्या पोराला विचारा."

सर माझ्याकडे वळले. "काय रे, पाण्याचं टेम्परेचर नॉर्मल होतं ना?"

आकडे माझ्या हातातल्या टॅबवर होते. मी म्हणालो, "हो सर."

हात तसेच वर धरून मावशी दारापर्यंत गेल्या.

पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी मी शेड उघडली तर तिसऱ्या रॅकच्या काठावर सात रोपं आडवी ठेवलेली. सातही सडायला लागलेली, मुळं पिळलेली. कुलूप जसंच्या तसं. कॅमेऱ्यात कुणी नाही. मग हे रोजचंच झालं. रोग पसरायचा थांबला. गुंतवणूकदार खूश होऊन गेले. सरांना वाटलं हे मीच करतो. त्यांनी माझी नोकरी पक्की केली, आणि मी ते कबूल करून टाकलं.

एकदा भर दुपारी, बाया जेवायला बाहेर गेल्या असताना, माझ्या डोळ्यांसमोर एक रोप हललं. अर्धा फेरा फिरलं. वर आलं. मुळं आवळली गेली, पाणी निथळलं... आणि रोप काठावर आडवं झालं. तिथे कुणीही नव्हतं.

मला फक्त ते थांबायला हवं होतं. पीक काढल्यावर, एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, सरांनी रॅकना पाणी पुरवणारी टाकी धुवायला सांगितली. त्यासाठी जे जहाल हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, ते मी मुद्दाम दुप्पट ओतलं. पंप बंद होता. तरी पाणी आतून एकदम खवळलं, टाकीच्या भिंतीवर तीन-चार वेळा काहीतरी आपटलं, आणि सगळं शांत झालं. त्यानंतर लावलेलं एकही रोप हललं नाही.

मी खूप वाचलं, कॉलेजात विचारलं. पाण्याचा दाब, पाइपातली हवा... काहीच जुळत नाही. टाकी धुतल्यानंतरच्या बुधवारी फोनवर जे कळलं, तेवढं लिहितो.

मावशींच्या मुलीचा फोन होता.

"दादा, तुमच्याकडे आईला एका हातानं जमेल असं काही काम आहे का?"

मला कळेना. तिनं सांगितलं — आमच्याकडून काढल्यावर मावशी पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागल्या. तिथे पत्रे कापणाऱ्या मशीनखाली उजवा हात सापडला. मनगटापासून गेला.

"जखम भरली हो. आधी म्हणायची, तो हात सारखा पाण्यात असल्यासारखा वाटतो. चांगलं वाटायचं तिला, हसायची. पण आता झोपू देत नाही. हात भाजतोय, कातडी सोलतेय, बाहेर काढा, बाहेर काढा म्हणून ओरडते. डॉक्टर म्हणतात, जो हातच नाही त्याला औषध कुठं लावू?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या गुरुवारपासून. सकाळी दहाला भाजी निवडत बसली होती, दादा. एकदम किंचाळली."