जीपचे नवे पाटे

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. पाण्याचा टँकर कोणत्या गावापर्यंत जाऊ शकेल, हे रस्ता पाहून कळवणे, हे कनिष्ठ अभियंता म्हणून माझे काम. त्यासाठी नांदेडहून एक जुनी जीप मिळाली. तिच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे इतके ताठ, की दुपारपर्यंत कंबर धरे. मी मागे लागून नांदेडच्या कार्यशाळेत चारही चाकांचे पाटे बदलून घेतले, धक्के जिरवणारे नवे शॉकअप बसवून घेतले. मिस्त्रीने बंपरवर भार देऊन गाडी दाबली आणि सोडली. ती एकदाच वर येऊन शांत झाली. त्या वेळचा माझा आनंद आठवला, की आजही ओशाळल्यासारखे होते.

परतताना चालक हसले. वयाने माझ्या वडिलांएवढे. सारे त्यांना चाचा म्हणत.

"साहेब, आता गाडी खड्ड्याची चुगली करंना."

"चांगलंच की, चाचा."

"तुमच्या कंबरेला चांगलं. कागदावर काय लिहिताल?"

मी ते हसण्यावारी नेले.

पुढच्याच आठवड्यात जळकोटच्या पलीकडच्या एका गावी निघालो. वाटेत कोरडा, दगडगोट्यांचा ओढा होता. आधी उतार नीट करा, मग टँकर पाठवा, असे गावकऱ्यांचे म्हणणे. चाचा म्हणाले, "उतरून बघा की, साहेब." ऊन फार होते. मी बसल्या जागेवरूनच ओढा ओलांडला आणि मांडीवरच्या फाइलीत लिहिले: रस्ता भरल्या टँकरास योग्य. अक्षर जराही हलले नव्हते.

तिसऱ्या खेपेला त्याच ओढ्यात टँकरचा पाटा तुटून तो कलंडला. माणसाला इजा झाली नाही. पाणी मात्र वाळूत जिरले. रिकाम्या घागरी घेऊन बाया काठावर उभ्या होत्या. मी पोहोचलो तेव्हा टँकरचा चालक, मुरुडचा एक किरकोळ बांध्याचा माणूस, जीपजवळ आला.

"म्या म्हणलं होतं साहेब, भरली गाडी हितं उतरत न्हाई. हापिसात म्हणले, साहेबानं लिहून दिलंय."

चौकशीत मला रस्त्याविषयी विचारले गेले. मी लेखी कळवले: रस्ता योग्य होता, चालकाला वेग आवरला नसावा. त्याला कामावरून काढले.

तेव्हा मी चाचांना विचारले, जुने पाटे परत बसवता येतील का?

"पाट्याला काय झालंय? तुमी फकस्त उतरत जावा."

त्यानंतर प्रत्येक ओढ्याला मी उतरलो, पायी चाललो. चौकशीत दिलेला तो कागद मात्र दुरुस्त करून दिला नाही. पुढे एकदा मुरुडच्या बाजारात तो माणूस पाठीवर पोते घेऊन जाताना दिसला. चाचांनी वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "चला."

बाजारातला रस्ता उखडलेला होता. जीप त्यावरून अलगद निघून गेली.