आईचे कच्चे रोडगे

काल लोक आईला पोचवून आले आणि आमच्या ओट्यावर पहिला विषय निघाला तो तिच्या कच्च्या रोडग्यांचा.

सगळे हसले. रडून डोळे लाल झालेले, तरी हसले.

माझ्या आईला रोडगे येत नाहीत, ही पांढुर्ण्यात आमच्या गल्लीची पक्की समजूत. आज मी ती मोडतेय.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. कार्तिकात आवळीखाली जेवायला आख्खी गल्ली जंगलात जायची. सकाळच्या पॅसेंजरने तिगावला उतरायचं, डोक्यावर कणीक, वांगी आणि तेलाचा डबा. मग संत्र्याचे बगीचे, वेचणीला आलेला कापूस, तुरीचे बांध, आणि पुढे सागाचं-पळसाचं जंगल.

तिथे आवळीची पूजा. खोडाला सूत गुंडाळायचं, बायकांचं एकमेकींना हळदीकुंकू. बाजूला गोवऱ्यांचा जाळ. तो विझत आला की निखाऱ्यात कणकेच्या गोळ्यांचे रोडगे दाबायचे.

रोडगे सिंधूकाकूंचे. शेजारच्या काकू. माहेर तिथलंच, जंगलाच्या कडेचं गाव. वरून खरपूस, आतून पदर सुटलेला, तुपात बुडवला की बोलायचं काम नाही.

मग काका गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. काकू तेव्हा पंचविशीतल्या असतील.

त्या वर्षी गल्लीतलं कोणीच जंगलात गेलं नाही. पुढच्या वर्षी सगळे निघाले. काकू सोडून.

आई विचारायला गेली होती. काकूंच्या सासूबाईंना गल्ली बाईजी म्हणायची. त्या म्हणाल्या, "बिना कुंकवाच्या बाईनं जंगलात जेवाले जाणं शोभते काय?"

बाईजी दुष्ट नव्हत्या. पोटचा पोरगा गेला होता आणि लोकांच्या तोंडाची भीती होती. पण काकू वर्षभर उंबऱ्याच्या आत. आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही. अंगणात झाडू फिरला की कळायचं, काकू आहेत.

आई फक्त म्हणाली, यंदा रोडगे मी करते.

आणि केले.

बाईजींनी पहिला रोडगा फोडला आणि आतून नुसतं पीठ निघालं. वरून कोळसा, आत कणीक. सगळ्यांचे तसेच. भुकेले लोक पळसाच्या पानावर नुसती वांग्याची भाजी खाऊन घरी आले. माझे वडील मास्तर. त्यांना महिनाभर लोक विचारत होते, "मास्तर, घरी तरी जेवता का?"

आई मान खाली घालून ऐकून घ्यायची.

पुढच्या कार्तिकात बाईजी स्वतः म्हणाल्या, "आमच्या सिंधूले घेऊन चला. नाही तर हे मास्तरीन पुन्हा पीठ चारते सगळ्याइले."

काकू आल्या. तिगावपर्यंत खिडकीशी गप्प बसून होत्या. जंगलात शिरल्यावर आम्ही पोरी आवळे वेचत लांब गेलो, तर मागून खणखणीत हाक आली. "कुठं गेल्या वो पोरीहो?"

आम्ही वळून पाहिलं. बायकाही पाहत राहिल्या. काकूंचा आवाज इतका मोठा आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

बायका सूत घेऊन आवळीकडे गेल्या. काकू निखाऱ्यापाशी एकट्या. तेवढ्यात आई पूजा सोडून त्यांच्याकडे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी बसते इथं. मले शिकायचं आहे."

मग दर कार्तिकात तेच. पूजा सुरू झाली की आई निखाऱ्यापाशी. दोघी धुरात डोळे पुसत काय बोलायच्या देव जाणे. हसायच्या मात्र खूप. गल्लीने म्हणच करून टाकली होती, "मास्तरीन अजून शिकूनच राहिली." वर्षानुवर्षं आई त्या परीक्षेत फेल.

मी दहावीत असताना एका रविवारी घरी रोडग्यांचा वास आला. मागच्या अंगणात आई निखारे सारत होती. खाल्ला. अगदी काकूंच्या हातचा. वडील न बोलता तिसरा घेत होते, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

मी म्हटलं, आई, तुला तर येतात!

तिने आधी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मले जमत नाही म्हटलं तर त्या बाईले जंगल पाहाले भेटते. जमते म्हटलं तर मले काय भेटते? गल्लीत बोलू नको."

नाही बोलले. इतकी वर्षं नाही बोलले. बाईजी गेल्या, काकूंचे केस पांढरे झाले. आईला सुनांनीही चिडवलं, नातवंडांनीही. तिने एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. मला कधी कधी रागच यायचा.

काल ओट्यावर सगळे हसले, काकू तेवढ्या हसल्या नाहीत. लोक पांगल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "तुह्या मायले रोडगे येत होते."

मी विचारलं, तुम्हाला कधी समजलं?

"मले पह्यल्याच वर्षी समजलं. बाईजीनं उष्टा रोडगा घरी आणला होता दाखवाले. कच्चा राह्यलेला अन् कच्चा ठेवलेला, मले समजत नाही काय?"

मग तुम्ही इतकी वर्षं तिला शिकवत काहून राहिल्या, काकू?

काकूंनी पदर डोळ्याला लावला.

"म्हणून तं ते बसे माह्यापाशी."

आई, गल्लीच्या ग्रुपवर ही पोस्ट टाकतेय. तुझा शब्द मोडला, रागावू नको.

कार्तिकात काकूंना घेऊन तिगावला जाईन. निखाऱ्यापाशी मी बसेन.

मला खरंच येत नाहीत.

तुला नमस्कार, आई. सुखाने जा.