शर्ट भिजेपर्यंत

लाँड्रीत तिला सगळे आंबटकाकू म्हणत. हे नाव स्वभावावरून पडले असावे असा गिऱ्हाइकांचा समज होता आणि तो अगदीच निराधार होता असेही नाही. मूळ कारण मात्र तिचे हात होते. वर्षानुवर्षे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडालेल्या त्या हातांचा वास कोणत्याही साबणाने जात नसे.

तिच्याकडे शर्टांच्या काखा असत. डिओडरंट आणि घाम मिळून शर्टाच्या काखेत जो थर बसवतात, त्याने कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते आणि साध्या धुण्याला दाद देत नाही. आंबटकाकू शर्ट उलटा करी, व्हिनेगर घातलेल्या गार पाण्यात निवांत भिजू देई, मग खाण्याच्या सोड्याचा लगदा चोपडून मऊ ब्रश फिरवी. थर पुरता निघेपर्यंत इस्त्रीला जवळ येऊ देत नसे, कारण उष्णतेने तो कापडातच भाजला जातो. काखेला ब्लीच तर वर्ज्यच, त्याने पिवळेपणा वाढतो. ब्लीचची बाटली पुढच्या खोलीत चादरींसाठी ठेवलेली असे, व्हिनेगर मागच्या खोलीत. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो, हे ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दरडावून सांगे.

"एक वेळ दोन सवती एका खोलीत नांदतील, या दोन बाटल्या नाही नांदायच्या. कळलं?"

माणसांच्या बाबतीत तिने अशी खबरदारी कधी घेतली नव्हती. तिचा नवरा मारकुटा होता. डाव्या भुवईवरचा व्रण त्याच्याच हातचा होता, आणि तो मरेपर्यंत ती त्याच्यापाशी राहिली. लेक सासरहून पहिल्यांदा मार खाऊन आली, तेव्हा "राग उतरतो गं पुरुषांचा" असे सांगून तिने तिला परत धाडले. दुसऱ्या वेळी तर जावयाचे शर्ट धुऊन, घडी घालून सोबत दिले. हा सल्ला आपण अनुभवातून देतो असे तिला वाटे. प्रत्यक्षात ती नुसती सवय होती.

तिसऱ्या वेळी लेक सकाळीच मागच्या दाराने आली. तिचा डावा हात उजव्या हाताने तोलून धरलेला होता, कारण गळ्याजवळचे हाड मोडले होते. जावई एका मोठ्या हॉटेलच्या दारावर रखवालदार होता. तिथला सुपरवायझर ड्युटीच्या आधी सगळ्यांना रांगेत उभे करून हात वर करायला लावी आणि काखा तपासे. "काय रे, पुठ्ठा शिवलायस का काखेत?" असे तो सगळ्यांदेखत म्हणाला आणि रांग फिदीफिदी हसली. घरी बायकोने शर्ट भिजत घातला, तर याला तेवढा धीर कुठला! त्याने तो उपसून ब्लीचमध्ये बुडवला, वर इस्त्री फिरवली. काखा पिवळ्याधमक झाल्या. दुसऱ्या दिवशी रांग अधिकच हसली. त्या हसण्याची वसुली त्याने बायकोच्या अंगावर केली, आधी इस्त्रीच्या वायरीने, मग बुटाने.

आंबटकाकूने लेकीची पाठ उघडून पाहिली. वळ मोजण्याच्या पलीकडचे होते. काही ठिकाणी कातडी सोलली होती. या वेळी राग उतरण्याबद्दल ती काही बोलली नाही. हात ओढणीने गळ्यात बांधून दिला आणि म्हणाली, "दुपारच्या बसनं मावशीकडे जा. ती तिथं डॉक्टरकडे नेईल."

बस सुटायच्या आधीच जावई आला.

"आई, बायको द्या माझी," तो काउंटरवरूनच म्हणाला. अंगात उरलेला एकुलता एक पांढरा शर्ट होता. काखा ताठ, कडेला डिओडरंटचे पांढरे पट्टे.

"काय जावईबापू," इस्त्रीवाले भाऊ टेबलामागून म्हणाले, "शर्टाला स्टार्च घरीच घालता वाटतं? तेही फक्त काखेत?"

जावयाने त्यांची मान पकडली आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटले. दात पडल्याचा आवाज बारीक होता, अंग कोसळल्याचा मोठा. भाऊ फरशीवर निपचित पडले आणि धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यात रक्त मुरू लागले. डाग ताजा आहे, गार पाण्याने निघेल, असे आंबटकाकूच्या मनात आले आणि तिला स्वतःचाच संताप आला.

"ती आत आहे," ती म्हणाली. "देते की. पण आज सुपरवायझर हात वर करायला लावणार ना? या काखा घेऊन जाणार? काढा तो शर्ट."

तो घुटमळला. बायको कुठे पळून जात नव्हती. रांग मात्र संध्याकाळी हसणार होती. त्याने शर्ट काढून तिच्या अंगावर फेकला. आत बनियन नव्हता. काचेच्या दारातून रस्ता दिसत होता, म्हणून तो पाठ करून काउंटरमागच्या स्टुलावर बसला.

मागच्या खोलीत तिने शर्ट टबात बुडवला आणि लेकीला दाराकडे ढकलले.

"आई, तो तुला मारेल."

"मारू दे. तू चालायला लाग."

मग ती टबाशी बसून मोठ्याने पाणी खळबळवत राहिली. बसस्थानक दोन गल्ल्यांपलीकडे होते. बस सुटेपर्यंत हा माणूस इथे उघडा बसायला हवा होता, बस्स.

तो बसून राहिला नाही. पडदा बाजूला करून आत आला आणि त्याला उघडे मागचे दार दिसले.

त्याने तिचे केस धरून तोंड टबात दाबले. व्हिनेगर डोळ्यांत, नाकात, घशात गेले. वर काढले. "कुठं गेली?" पुन्हा दाबले. टबाची कड धरलेला तिचा हात त्याने बुटाखाली घेतला, आणि मनगट मोडल्याचे तिला दुखण्याआधी ऐकू आले.

"बोल, म्हातारे!"

"शर्ट भिजतोय," ती धापा टाकत म्हणाली. "भिजू द्यावा लागतो."

तो दाराकडे धावला आणि उंबऱ्यात थबकला. गल्लीत बायका उभ्या होत्या. हॉटेलच्या दारावर रुबाबात उभा राहणारा हा गडी उघड्या छातीने बायकोमागे धावला असता, तर गावभर हसे झाले असते. तो परत फिरला, टबातल्या शर्टाकडे पाहिले, आणि त्याचा धीर पुन्हा एकदा सुटला. पुढच्या खोलीत जाऊन तो ब्लीचची बाटली घेऊन आला.

"तुमचं भिजणं गेलं चुलीत. आत्ता साफ होतो की नाही बघ."

त्याने झाकण उघडले. प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितलेले ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होते. तिने तोंड मिटले आणि श्वास रोखला.

त्याने आख्खी बाटली टबात ओतली आणि खाली वाकून दोन्ही हातांनी शर्ट चोळू लागला. पिवळट हिरवी वाफ सरळ त्याच्या तोंडावर आली. तो आधी खोकला, मग ओरडायला गेला, पण आवाज फुटलाच नाही. गळा धरून तो टबावरच कोसळला, टब उलटला. आंबटकाकू मोडका हात छातीशी धरून ढोपरांवर दाराबाहेर सरपटली. मागोमाग तो आला, आंधळ्यासारखा भिंतीला धडकत, तोंडातून गुलाबी फेस गाळत, आणि गल्लीतल्या बायकांच्या पायांशी उघडाच पडला.

तो वाचला. छाती मात्र कायमची गेली.

शुद्धीवर आलेले भाऊ तोंडाला फडके लावून तिच्याजवळ पोचले, तेव्हा तिने एकच विचारले, "बस?"

"सुटली. बसस्थानकावरून आलेला माणूस सांगतोय, पोरगी खिडकीशी बसली होती."

मग ती पोट धरून खोकली, बराच वेळ.

पोलीस आले. त्यांनी विचारले, तो बाटली ओतत होता तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत?

"अडवलं की!" भाऊ पडलेल्या दातांच्या फटीतून म्हणाले. "केवढ्यांदा ओरडल्या काकू. मी स्वतः ऐकलं."

आंबटकाकूने सुजलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले.

"तुम्ही बेशुद्ध होतात, भाऊ," ती म्हणाली. "मी नाही ओरडले."